बिनकडीचं घर

आमच्या मजल्यावर दोनच घरं. एक माझं आणि जिन्याच्या पलीकडचं काजवाल्या मावशींचं. मावशींच्या घरात एकाही दाराला कडी नव्हती, हे ज्याला माहीत नसे तो माणूस नवा समजावा. बाहेरच्या दाराला नाही, आतल्या खोलीला नाही आणि जिथे पाहुण्यांची खरी पंचाईत व्हायची त्या बाथरूमच्या दारालाही नाही. आत माणूस असला की दारावर टॉवेल टाकायचा, हा त्या घरचा कायदा. नवखा पाहुणा टॉवेल आतच घेऊन जायचा, आणि मग कोणी दार लोटलं की आतून अशी काही आरोळी यायची, की मला माझ्या शिलाई मशीनवर बसून ऐकू यायची. "आमच्याकडे आंघोळ करायची तर गाता आलं पाहिजे," असं मावशींचे यजमान सांगायचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. ते पोस्टात होते. स्वतः इतकं भसाडं गायचे, की त्यांना टॉवेलची गरजच पडायची नाही.

रात्री बाहेरचं दार नुसतं लोटायचं आणि आतून एक स्टूल टेकवायचं. घरातली सगळी माणसं एकाच वेळी बाहेर गेली आहेत, असं कधी झालं नाही. कुणाचं लग्न असो की कुणाचं मरण, एकजण घरी राहायचाच. तोही जरा खाली उतरला तर मी होतेच. माझं दार दिवसभर उघडं असतं. मी कपडे शिवते, गिऱ्हाईक येत-जात असतं, त्यामुळे समोरच्या घराची राखण फुकटात व्हायची.

मावशींच्या मुलाचं लग्न झालं तेव्हा तर गंमतच झाली. नव्या सुनेला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. तिने पहिल्याच दिवशी खोलीच्या दाराला हात लावून वर पाहिलं, खाली पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, दिवसभर लोकांची अडकलेली दारं उघडून द्यायचा. आणि घरी हा प्रकार! मावशींना सगळं कळत होतं. त्या रोज संध्याकाळी सुईदोरा घेऊन माझ्या उंबऱ्यात येऊन बसायच्या, म्हणायच्या, "तुझ्याकडे उजेड बरा आहे गं." उजेड कसला डोंबलाचा, माझ्याकडे एकच बल्ब होता. जेवणवेळेला परत जाताना जिन्यातच एवढ्यांदा खोकायच्या, की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे. सून दोन महिन्यांत या बाईच्या प्रेमात पडली. कडीचं नावही तिने काढलं नाही.

कडी का नव्हती, ते सगळ्यांना माहीत होतं. सगळं मात्र कुणालाच माहीत नव्हतं. मावशी विशी-बाविशीच्या असताना कपड्यांच्या एका कारखान्यात काजं करायच्या, त्या आणि त्यांची थोरली बहीण. मालक कामाच्या वेळात बाहेरून कडी घालायचा. बायका लवकर घरी जाऊ नयेत आणि माल बाहेर जाऊ नये म्हणून. एक दिवस आग लागली. आतल्या बऱ्याच बायका गेल्या, थोरली बहीण गेली. मावशी वाचल्या, एक पाय मोडला. कशा वाचल्या, ते त्यांनी काकांनाही सांगितलं नव्हतं. लग्न ठरताना मुलीकडून एकच अट आली होती, घरात कडी नको. काकांनी कारण विचारलं नाही. पेचकस घेतला, सगळ्या कड्या काढल्या, रंगाऱ्याकडची लांबी भरून भोकं बुजवली आणि वरून रंग दिला. मला हे काकांनीच सांगितलं. सांगताना म्हणाले होते, "एवढ्याने तिला झोप लागत असेल, तर दारं काढून ठेवायलाही माझी ना नव्हती."

मी मावशींना ओळखायला लागले ते कामामुळे. कोटाचं, शर्टाचं बटण ज्या भोकातून जातं ते काज. मशीनवर ते चुटकीसरशी होतं आणि तसंच चुटकीसरशी उसवतं. मावशी हाताने करायच्या. कापडाला नेमका छेद द्यायचा, मेण लावलेला दोरा ओवायचा आणि छेदाच्या कडेने गाठीचे टाके घालत जायचं, एकाला एक चिकटून. कोट फाटेल, काज फाटणार नाही. माझी चांगली गिऱ्हाइकं टिकली ती मावशींच्या काजांवर, हे मी कुणापुढेही कबूल करीन. माझी शिलाई ठीकच आहे.

पण वर्षातून एकदा, कधी दोनदा, मावशी पडून राहायच्या. ताप नाही, दुखणं नाही. भिंतीकडे तोंड करून नुसत्या पडायच्या. केस विंचरायच्या नाहीत, बोललं तर "हं" म्हणायच्या, जेवायला उठा म्हटलं तर उठायच्या आणि ताटाकडे बघत बसायच्या. "अंग जड झालंय," एवढंच सांगायच्या. शेजारपाजारचे शहाणे म्हणायचे, काही नाही, लाड आहेत. मला अशा लोकांचा भयंकर राग येतो. माणसाला खोकला झाला तर यांना ऐकू येतो, पाय मोडला तर दिसतो, आणि जे दिसत नाही ते लगेच ढोंग! काकांची मात्र एक रीत होती. ते माझ्याकडून पाच-सहा शर्ट मागून न्यायचे आणि काही न बोलता मावशींच्या मांडीवर ठेवायचे. सुईत दोरा ओवून द्यायचे. मग शेजारी बसून वर्तमानपत्र वाचायचे, मोठ्याने, मरणाच्या बातम्या वगळून. पहिले काही दिवस शर्ट तसेच परत यायचे. मग कधीतरी एक काज झालेलं असायचं. काका ते मला दाखवायला आणायचे, जणू नातवाचा पहिला दात.

काका गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्यानंतर शर्ट मागायला मुलगा यायचा. तो बापासारखा गप्प बसू शकत नसे, "आई कर ना, आई कर ना" असं चाललेलं असायचं. पण मावशी उठायच्या. वय सत्तरीपार गेलं, नजर कमी झाली, तरी उठायच्या.

मग साथ आली.

सुरुवातीला एक चमत्कारिक गोष्ट झाली. सगळी इमारत घाबरून गेली, आणि मावशी एकदम तरतरीत झाल्या. मी मास्क शिवायला घेतले, तर रोज सकाळी नाडीचा गुंडा घेऊन माझ्याआधी तयार. खालच्या म्हाताऱ्या जोडप्याला डबा कोण पोचवणार, औषधं कोण आणणार, सगळं यांनीच ठरवलं. मी एकदा म्हटलं, "मावशी, तुम्हाला भीती नाही वाटत?" तर हसून म्हणाल्या, "इतकी वर्षं मी एकटीच घाबरत होते गं. आता जरा सोबत झाली." आम्ही दोघी खूप हसलो. मुलगा म्हणाला, "आईचं तर बरंच चाललंय." मलाही तसंच वाटलं.

त्यात आनंदाची एक गोष्ट होती. सुनेला दिवस गेले होते. आधी दोनदा राहिलं होतं आणि दोन्हीदा गेलं होतं. या वेळी पाच महिने नीट पार पडले होते. डॉक्टर फोनवर सांगायचे, जपा, घराबाहेर पडू नका, आजारी माणसाची सावलीही पडू देऊ नका. मुलगा बाहेरून आला की जिन्यातच कपडे बदलायचा.

मग आमच्या इमारतीत एकाला लागण झाली आणि खालचं लोखंडी फाटक बाहेरून साखळी घालून बंद केलं गेलं. दोन माणसं आली, साखळी फिरवली, कुलूप लावलं आणि गेली. सामान गजांतून आत द्यायचं. वरून बघताना मला तो आवाज साधाच वाटला. मावशी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड असा धरला, की दुसऱ्या दिवशी बोटांचे वळ दिसत होते.

त्या दिवसापासून त्या दिवसातून कितीदा तरी खाली जायच्या. फाटकापाशी उभ्या राहायच्या, गज हलवून बघायच्या, वर यायच्या. गुडघे दुखायचे, तरी जायच्या. झोपायच्या त्या बसून, बाहेरच्या दाराला पाठ लावून. आणि सारखं एकच विचारायच्या, "काही जळतंय का गं?" मावशींचं नाक मुळातच असं, की तळमजल्यावर कुणाचं दूध लागलं तरी या तिसऱ्या मजल्यावरून ओरडायच्या. पण आता काहीच जळत नसताना त्यांना वास यायला लागला. मुलाने घरभर फिरून गॅस दाखवला, तारा दाखवल्या. त्या मान डोलवायच्या आणि जरा वेळाने पुन्हा विचारायच्या. त्याने डॉक्टरला फोन केला. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांचंच असं चाललंय, काळजी करू नका. आमच्या घाबरण्याला आणि मावशींच्या घाबरण्याला त्यांनी एकाच मापाचा शर्ट शिवला. मावशींना हे पहिल्यांदा होत नव्हतं, हे डॉक्टरांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

मग मावशींनाच ताप आला.

दवाखान्यांत जागा नव्हती. तपासणीत साथीचीच लागण निघाली. फार गंभीर नाही, घरीच ठेवा, वेगळ्या खोलीत ठेवा, दार बंद ठेवा, असं फोनवरून सांगण्यात आलं. आतल्या खोलीला लागून, आतूनच दार असलेलं दुसरं न्हाणीघर होतं, म्हणून तीच ठरली. मावशी शहाण्यासारख्या आत गेल्या. "माझ्यामुळे तिला काही व्हायला नको," असं स्वतःच म्हणाल्या. दार लोटलं. सुनेने रडू आवरलं.

पण दुसऱ्याच दिवशी मावशींना वास येईनासा झाला. या आजारात तसं व्हायचंच, आम्हा सगळ्यांना ऐकून माहीत होतं. दुसऱ्या कुणाला जेवण नुसतं बेचव लागलं असतं. मावशींच्या दृष्टीने घरातला पहारेकरीच मेला. आग लागली तर आता कळणार कसं? मग त्या दर थोड्या वेळाने खोलीतून बाहेर यायच्या, स्वयंपाकघरात जायच्या, गॅसची बटणं चाचपायच्या, तारांना हात लावून बघायच्या. तोंडावर मास्क असायचा, कधी नसायचा. सून ओट्याशी उभी असली तर भिंतीला चिकटून उभी राहायची आणि पोटावर हात ठेवायची. मुलगा ओरडायचा. मावशी म्हणायच्या, "चुकले रे, आता नाही येणार." मनापासून म्हणायच्या. आणि पुन्हा यायच्या. मुलाने दाराला खुर्ची लावली, ती त्यांनी सरकवली. त्याने दारापाशी अंथरूण टाकलं, पण त्यालाही कधी डोळा लागायचाच.

तिसऱ्या दिवशी सुनेला जरा कळा आल्यासारखं झालं. काही नव्हतं, थांबल्या. पण मुलाचा चेहरा मी दारातून पाहिला, तो पांढराफटक पडला होता. दुकानं बंद होती. तो खाली गेला आणि जिन्याखालच्या मीटरच्या खोलीची कडी काढून घेऊन आला.

दुपारची वेळ होती. माझं दार उघडं, त्यांचं उघडं. त्याने आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी धरली, पेन्सिलने खुणा केल्या आणि स्क्रू पिळायला लागला. आतून मावशींचा आवाज आला.

"काय करतोयस रे?"

"बिजागरी ढिली झालीये आई, घट्ट करतोय."

"जेवलास का?"

"जेवतो."

शेवटचा स्क्रू बसला. त्याने जरा वेळ कपाळ दाराला टेकवलं आणि मग कडी सरकवली. गंजलेली कडी होती, चांगली वाजली.

आम्ही तिघं आपापल्या जागी उभे राहिलो. आम्हाला वाटलं, आता दार ठोठावलं जाईल, आरडाओरडा होईल. मुलाने तर तेवढ्यासाठीच दात आवळून धरले होते. काहीच झालं नाही. आतून टक् सुद्धा आलं नाही. सून हळूच म्हणाली, "झोपल्या वाटतं." मुलगा म्हणाला, "बरं झालं, शांत झाली." मी आयुष्यभर कापडात वावरलेली बाई, मला माणसांच्या मनातलं काय कळतं? पण एवढं कळलं, की ही शांतता बरी नाही.

मुलाने चुकीचं केलं का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. ज्यांनी विचारलं त्यांच्यापैकी एकानेही त्या दिवसांत त्याला 'तुझ्या आईला आमच्याकडे पाठव' असं म्हटलं नव्हतं. एका हाताला आई आणि दुसऱ्या हाताला न जन्मलेलं मूल, असा माणूस काय करतो ते त्याने केलं.

पुढचे दिवस मावशी अगदी गुणी पेशंटसारख्या वागल्या. कडी काढून ताट आत सरकवलं की जेवायच्या, औषध घ्यायच्या, ताट पुन्हा दाराशी आणून ठेवायच्या. एकदाही बाहेर यायला निघाल्या नाहीत. गॅसचं विचारलं नाही. ताप गेला, खोकला गेला. घरात दुसऱ्या कुणाला काही झालं नाही, सुनेलाही नाही, पोटातल्या जिवालाही नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता हरकत नाही.

मुलाने कडी काढली, दार सताड उघडलं आणि म्हणाला, "आई, ये बाहेर. संपलं सगळं." सुनेने चहा टाकला होता. मला मुद्दाम बोलावलं होतं.

मावशी पलंगावर बसल्या होत्या, हात मांडीवर. आमच्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "मी इथे बरी आहे."

आम्हाला वाटलं, अशक्तपणा. दोन दिवस जाऊ देत. दोन दिवस गेले, आठवडा गेला. मुलाने त्यांच्यादेखत कडी उपटून काढली, स्क्रूची भोकं बुजवली. मावशी म्हणाल्या, "कशाला काढलीस, राहू दे की." एकदा त्याने त्यांना उचलूनच बाहेर आणलं, खुर्चीवर बसवलं. वजन असं काही उरलंच नव्हतं. त्या ओरडल्या नाहीत. नुसत्या थरथरत राहिल्या, दात वाजायला लागले. त्याने हात सोडताच भिंतीला धरून धरून खोलीत गेल्या आणि पलंगावर बसल्यावर त्यांचं थरथरणं थांबलं. मग त्याने दारच बिजागऱ्यांतून उचललं आणि गच्चीवर नेऊन ठेवलं. खोलीला दार राहिलं नाही, नुसती चौकट. मावशी चौकटीपर्यंत यायच्या. पुढे नाही.

साथ ओसरली तेव्हा एक डॉक्टर घरी आले. त्यांनी मावशींना विचारलं, आज वार कोणता, मुलाचं वय काय, शंभरातून सात वजा करत जा. मावशींनी सगळं बरोबर सांगितलं, वर त्यांच्या कोटाच्या काजाला बोट लावून म्हणाल्या, "हे उसवणार आहे." डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वय झालंय, स्मरणशक्तीवर परिणाम होतो कधीकधी. मी ओरडणारच होते. विसरण्याचा आजार असता तर आम्ही पेढे वाटले असते! दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंना मात्र कळलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या. त्या म्हणाल्या की जुनं दुखणं आत तसंच असतं, आणि अशा वेळी पहिल्या दिवसापासून ते धरून वागायला हवं होतं. मुलगा खाली मान घालून ऐकत होता. गोळ्यांनी मावशींना झोप लागायला लागली. बाहेर त्या आल्या नाहीत.

मी काकांची रीत करून बघितली. शर्ट नेले, मांडीवर ठेवले, सुई ओवून दिली, शेजारी बसले. वर्तमानपत्र वाचलं. मावशींनी शर्टावरून हात फिरवला, घडी नीट केली आणि मला परत दिले. "दुसऱ्या कुणाला दे," म्हणाल्या. पुन्हा नेले, पुन्हा तेच. एके दिवशी माझा धीर सुटला. मी म्हटलं, "मावशी, आता कडी नाही, दार नाही, काही नाही. का येत नाही तुम्ही बाहेर? त्या पोराकडे बघा जरा. रोज मरतोय तो."

मावशींनी चौकटीकडे बघितलं, बाहेर कुणी नाही ना ते. मग अगदी साध्या आवाजात सांगायला लागल्या, हिशेब समजावून द्यावा तसं.

"आम्ही सगळ्यांनी दार ठोकलं होतं गं. ठोकून काही होत नाही, दम तेवढा जातो. मग ताईने मला खिडकीपाशी नेलं. वर होती, लहान होती. मी बारीक. तिने मला खांद्यावर घेतलं आणि बाहेर लोटलं. म्हणाली, तू जा, मग मला ओढ. मी खाली पडले. उठून हात वर केला, तर पोचेचना. तिचा हात दिसत होता मला."

मी परत आलेले शर्ट मांडीवर ओढून घेतले.

"म्हणून तर कडीची भीती वाटायची. पण यानं कडी घातली ना, तेव्हा बसल्या बसल्या मला एकदम समजलं. मागच्या वेळी मी बाहेर आले, तिथेच चुकलं. या वेळी आत राहायचं होतं. आणि राहिले तर बघ, सगळी वाचली. एकाला काही झालं नाही. झालं का कुणाला?"

"नाही," मी म्हटलं.

"मग झालं तर."

हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, बोलत राहा त्यांच्याशी. मुलाला मी सांगितलंच नाही. पण सुनेला सांगितलं, आणि तिने त्याला सांगितलं असणार. कारण त्यानंतर तो "आई, ये ना बाहेर" म्हणायचा थांबला.

मुलगी झाली. चांगली गुटगुटीत, आवाज तर असा, की काकांची आठवण यावी. सून तिला घेऊन चौकटीपाशी गेली. "आई, घ्या ना." मावशी पलंगाच्या पार पलीकडच्या टोकाला सरकल्या. "तिथूनच दाखव," म्हणाल्या. डोळे भरून बघितलं, हसल्या, नाक कुणाचं, कपाळ कुणाचं ते सांगितलं. पण हात पुढे केला नाही. रोज तसंच. सून बाळाला दुधाला घ्यायची ती चौकटीबाहेर जमिनीवर बसून, मावशींना दिसेल अशी. दोघी गप्पा मारायच्या. बघणाऱ्याला वाटावं, सासूसुनेचं काय गूळपीठ आहे.

मूल रांगायला लागलं. आम्ही कुणी बोललो नाही, पण तिघांच्याही मनात एकच होतं. मोठ्यांचं नाही ऐकलं, हिचं ऐकतील. मोठी माणसं चौकटीबाहेरून बोलावतात, ही आत जाईल.

त्या दिवशी मी बाळाच्या झबल्याचं माप घ्यायला गेले होते. मुलगा घरीच होता. बाळ जमिनीवर होतं, ते वळलं आणि सरळ खोलीकडे निघालं. सून उठायला लागली, मुलाने तिचा हात धरून खाली बसवली. बाळाने चौकट ओलांडली. पलंगापर्यंत गेलं आणि मावशींचं पाऊल धरून उभं राहायला बघायला लागलं. मावशी ताठ झाल्या. खाली बघितलं. मग वाकून त्यांनी बाळाला उचललं, पहिल्यांदाच. छातीशी धरलं, त्याच्या टाळूला गाल लावला. मुलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. मावशी उठल्या आणि बाळाला घेऊन चौकटीकडे चालत आल्या. एकेक पाऊल. सुनेने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, आल्या. खरंच वाटलं.

चौकटीपाशी त्या गुडघ्यांवर बसल्या. बाळाला हात लांब करून चौकटीच्या बाहेर ठेवलं, त्याचं तोंड आमच्याकडे फिरवलं आणि पाठीवर तळहात ठेवून त्याला पुढे लोटलं. "जा," म्हणाल्या. "पळ. मागे बघू नको." आवाज त्यांचा नव्हताच, कुठल्याशा तरुण बाईचा असावा तसा होता. मग उठल्या आणि पलंगावर जाऊन बसल्या. बाळ रडायला लागलं.

बाळाला काय कळतं? ते त्यानंतर रोज आत जायला बघायचं. आणि ते चौकटीपाशी दिसलं, की मावशी थरथरायला लागायच्या, दात वाजायला लागायचे, अगदी मुलाने त्यांना बाहेर उचलून आणलं होतं त्या दिवशीसारखे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलाने गच्चीवरून दार खाली आणून परत बसवलं. नुसतं लोटलेलं दार बाळ ढकलून उघडायचं. मावशी आतून म्हणाल्या, "कडी घाल रे बाबा." त्याने बाजारातून नवी कडी आणली आणि वर, बाळाचा हात पोचणार नाही अशी बसवली. बाहेरून. या वेळी बिजागरी घट्ट करतोय असं त्याला सांगावं लागलं नाही.

मी दुपारचा चहा घेऊन जाते. कडी काढते, आत बसते, इकडचं तिकडचं बोलते. गोळी घेतली का बघते. मग कप उचलून बाहेर येते, दार ओढते.

"घातलीस का?" मावशी आतून विचारतात.

"घातली," मी म्हणते.